काचेवरचा काटा

गाडी बंद पडली तेव्हा मास्तर म्हणाले, "काही हरकत नाही, आई."

मागे एक टेम्पो होता, टेम्पोमागे दुधाची गाडी, आणि दुधाच्या गाडीमागे आणखी कोण कोण होतं ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सगळ्यांचे हॉर्न वेगवेगळे होते, मत मात्र एकच होतं.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," सासूबाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या.

"छे छे, तुमचं कसं चुकेल?"

चुकलं होतं. सासूबाईंनी भर चौकात, वळणाच्या ऐन मध्यावर, पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला होता आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला हात करून "आधी तुम्ही" म्हटलं होतं. तोही सभ्य निघाला. तोही थांबला. दुसरा कोणी विद्यार्थी असता तर मास्तरांचा आवाज पुढच्या चौकापर्यंत गेला असता. "गाढवा, चौक आहे हा, लग्नातली पंगत नाही!" असं ते सहज म्हणाले असते. गावात मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल त्याच्यासाठीच प्रसिद्ध होतं. स्कूल म्हणजे एक पाटी, एक टेबल आणि शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक बसवलेली ही एक जुनी गाडी. पोरं तिथे गाडी शिकत नसत, मास्तरांच्या तोंडातून सुटायला म्हणून पास होत.

पण सासूला गाढव म्हणता येत नाही. जावई असण्याचे जे तोटे आहेत, त्यात हा बराच वरच्या नंबरवर आहे.

तेव्हा मास्तरांनी जादा ब्रेक दाबून गाडी थांबवली, दात दाखवले, आणि पुढच्याच क्षणी इंजिन मेलं. नेहमीसारखंच.

सासूबाई मूळच्या मेट्रन. सबंध आयुष्य इस्पितळात गेलं. डॉक्टर त्यांना घाबरत, रोगी तर त्यांच्या परवानगीशिवाय कण्हतही नसत. निवृत्त झाल्यावर त्या टेकडीमागच्या आपल्या छोट्या घरात एकट्या, मजेत राहत होत्या. मग पाय मुरगळला आणि त्या लेकीकडे आल्या. आठ दिवसांसाठी. पाय बरा झाला, पण मधल्या काळात टेकडीमागे जाणारी बस बंद झाली. शेवटचा थांबा अलीकडे आला आणि घर पलीकडे राहिलं. म्हणून त्यांनी ठरवलं, गाडी शिकायची. स्वतःची छोटी गाडी घ्यायची आणि आपल्या घरी जायचं.

मास्तरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी फी घ्यायला नकार दिला.

कारण सासूबाई आल्यापासून मास्तर स्वतःच्या घरात शर्ट घालून बसत होते. सोफ्यावर पाय घेता येत नव्हते. रोज सकाळी सासूबाई त्यांच्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजत, "हं" म्हणत, आणि त्या "हं"वरून दुपारच्या भाजीतलं मीठ ठरे. आता भाजीत मीठ नसे. आमटीतही नसे. शेवटी मास्तरांनी टपरीवर उभ्याने भजी खायला सुरुवात केली. खाऊन झाल्यावर ते रुमालाने तोंड पुसत आणि चोरासारखे घरी येत.

अडचण एवढीच होती की सासूबाई परीक्षेपर्यंत पोचतच नव्हत्या. नापास होणं वेगळं, त्यालाही आधी हजर राहावं लागतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर मास्तरांनीच लाल रंगात लिहिलं होतं: 'परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याने मैदानापर्यंत गाडी स्वतः न्यावी. कोणालाही सूट नाही.' प्रत्येक वेळी वाटेत गाडी बंद पडे, नंबर हुके. मास्तरांनी एकदा हळूच सुचवलं होतं, "आई, मी नेतो ना मैदानापर्यंत." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "भिंतीवर लिहिताना सासू आठवली नव्हती, आता कशी आठवली?"

आज संध्याकाळी त्यांच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती. आणि बायकोने सकाळी चहा देताना सांगून टाकलं होतं, "आज नाही जमलं तर पुरे झालं. आईचं घर भाड्याने देऊन टाकू. राहील ती इथेच, आपल्याजवळ." चहाचा कप सासूबाईंनी इतका सांभाळून खाली ठेवला होता की तो ठेवल्याचा आवाजच आला नाही. मास्तर म्हणाले होते, "वा, छानच." आणि त्यांना घाम फुटला होता.

तर गाडी आता चौकात आडवी होती. मास्तरांनी फिटरला फोन लावला.

फिटर मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. तो आला, त्याने शेजारचं दार उघडलं, आत डोकं घातलं, "काय झालं मावशी?" म्हणून विचारलं आणि दार धाडकन लावलं. मग म्हणाला, "मारा बघू चावी." सासूबाईंनी चावी मारली. गाडी सुरू झाली.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "हे असंच करते ही. तू आलास की बरी. मुद्दाम करते."

"गाडी कधी मुद्दाम करत नाही, मास्तर. माणसं करतात."

"माणसांचं बोलू नकोस, गाडीचं बोल. मागच्या वेळी तू काय म्हणालास? प्लग. बदलले. त्याच्या आधी काय म्हणालास? बॅटरी. बदलली. आता काय बदलू, सांग?"

"आता अंदाज बंद," फिटर अभिमानाने म्हणाला. "मी गेज आणलंय."

गॅरेज चौकाच्या पलीकडेच होतं. फिटरने कपाटातून एक गेज काढलं. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं ते फडक्यात गुंडाळलेलं होतं. तबकडी, काटा आणि काळी लांब नळी. ही गाडी इंजेक्शनवाली खरी, पण जुन्या जमान्यातली. आजच्या गाड्यांसारखी कॉम्प्युटर जोडला की स्वतःचं दुखणं सांगणारी नव्हती. हिच्या पोटात पेट्रोल किती दाबाने येतंय ते नळी लावूनच बघावं लागे. टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो, ते ठरावीक दाबाने आलं तर इंजिनात फवारा बसतो, दाब गेला की इंजिन गेलं. फिटरने हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाईंचे डोळे चमकले. इतक्या महिन्यांत गाडीच्या बाबतीत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी आपल्या विषयातलं भेटलं होतं.

"म्हणजे ब्लडप्रेशरच की."

"तसंच समजा, मावशी."

"वरचं किती पाहिजे आणि खालचं किती?"

"हिला एकच असतं. अडीच ते तीन."

"एकच?" सासूबाई गाडीकडे दयेने बघत म्हणाल्या.

फिटरने इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळीचं टोपण फडकं धरून सैल केलं. फुस्स झालं, थोडं पेट्रोल फडक्यात आलं. "आतलं आधी सोडावं लागतं, नाहीतर डोळ्यात उडतं," तो म्हणाला. मग गेज लावलं. चावी फिरवली, मागच्या सीटखाली पंप गुणगुणला आणि काटा झपकन वर चढून थांबला. इंजिन सुरू केलं, काटा किंचित खाली येऊन स्थिर. दाब आवरणाऱ्या डबीची बारीक रबरी नळी काढून बघितली, काटा वर गेला, म्हणजे तेही ठीक. इंजिन बंद करून तिघंही काट्याकडे टक लावून उभे राहिले. काटा जागचा हलला नाही.

"ठणठणीत," फिटर निराश होऊन म्हणाला.

"ठणठणीत?" मास्तरांचा आवाज चढला. "अरे बैला, ठणठणीत गाडी चौकात मरते का? तुला काटा वाचता येतो की नुसता मिरवायला आणलायस?"

"माझ्यावर कशाला ओरडतोयस?"

"मग कोणावर ओरडू?"

प्रश्न बरोबर होता.

"रोग्याला झोपवून मोजलं की सगळे ठणठणीतच असतात," सासूबाई म्हणाल्या. "चालवून मोजा."

"चालत्या गाडीत बॉनेटखाली कोण बसणार, आई?" मास्तरांनी अत्यंत गोड आवाजात विचारलं. आवाज इतका गोड होता की फिटरने वळून बघितलं.

पण नळी खरंच लांब होती. फिटरने ती बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर, बाहेरून, तबकडी आत वळवून चिकटपट्टीने डकवलं. चिकटपट्टी सुटू नये म्हणून वर वायपर ठेवला. मग तिघं निघाले. स्टिअरिंगवर सासूबाई, शेजारी मास्तर, आणि मागून दोन सीटांच्या मध्ये मान घातलेला फिटर. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन विचारलं, "हे भाडं दाखवतं का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही, तब्येत." त्याने मान डोलावली आणि तो बाजूला झाला.

गाडी झकास चालत होती. काटा स्थिर. बाजारातून गेली, स्थिर. चढावर, स्थिर. मग उतारावर एक ट्रक उभा होता आणि सासूबाई त्याच्याकडे, एखादा ओळखीचा माणूस दिसावा तशा, सरळ निघाल्या.

"आई," मास्तर म्हणाले, "जरा उजवीकडे. म्हणजे तुमच्या सवडीने. ट्रक आहे. तसा काही खास नाही, आपला साधाच ट्रक..."

गाडी ट्रकच्या अलीकडे विटेएवढं अंतर ठेवून गचकन थांबली. इंजिन क्षणभर फुरफुरलं. काटा झरझर घसरत शून्यावर आला आणि इंजिन मेलं.

"गेलं! प्रेशर गेलं!" फिटर आनंदाने ओरडला. "बघितलंत? पंप! पंपच गेलाय!" तो उडी मारून बाहेर आला, मास्तरांच्या बाजूचं दार उघडून त्याने त्यांना बाहेर ओढलं, दार धाडकन लावलं आणि सासूबाईंना चावी फिरवायला सांगितली. पंप गुणगुणला. काटा वर.

"आता पंप परत आला का?" मास्तरांनी विचारलं. "कुठे गेला होता, बाहेरगावी?"

फिटरने डोकं खाजवलं. मास्तरांनी घड्याळ बघितलं. मैदानावरचे नंबर सुरू व्हायची वेळ झाली होती. त्यांना एकदम दिसलं: सासूबाई, सोफा, शर्ट, बिनमिठाची आमटी, आणि हे सगळं कायमचं.

सासूबाई मात्र काट्याकडे बघत नव्हत्या. त्या मास्तरांकडे बघत होत्या. इस्पितळात नव्या रोग्याकडे बघत तशा, पायापासून वर.

"जावईबापू, बसा आत. फिटर, तुम्हीही बसा. गाडी इथेच सुरू ठेवा, हलवायची नाही. आता ब्रेक दाबा."

मास्तरांनी जादा ब्रेक दाबला. काटा स्थिर.

"जोरात दाबा."

जोरात दाबला. काटा स्थिर.

"मगाशी दाबलात तसा दाबा."

"मगाशी कसा दाबला ते मला कसं आठवणार, आई? मी काही..."

"बरं. फिटर, यांना शिव्या द्या."

फिटरला हे काम आवडलं. "मास्तर, तुला स्वतःला गाडी येत नाही म्हणून तू शिकवतोस," तो म्हणाला. "शाळेत तू माझा डबा खायचास. तुझं अक्षर..."

"गप रे गाढवा!" मास्तर कडाडले. "डबा मी खायचो? तुझ्या डब्यात असायचं काय? आणि तू, तुला साधा पंप ओळखता येत नाही, तू फिटर? तुझ्या गॅरेजात सायकल लावायची भीती वाटते!" मास्तर बराच वेळ बोलले. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. काटा जागचा हलला नाही.

"हं," सासूबाई म्हणाल्या. मग शांतपणे, समोर बघत पुढे म्हणाल्या, "जावईबापू, मी ठरवलंय. मी आता तुमच्याकडे कायमचीच राहते."

"अवश्य, आई," मास्तर हसून म्हणाले. "आम्हाला आनंदच आहे."

त्यांच्या उजव्या पायाखाली धाडदिशी आवाज झाला. काटा शून्यावर गेला. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं.

फिटरने आपली मान सीटांच्या मधून हळूच काढून घेतली आणि तो खिडकीबाहेर, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असा, बघत बसला.

लोकांची तळपायाची आग मस्तकात जाते. मास्तरांची मस्तकातली आग तळपायात उतरत होती. सासूपुढे तोंडाला कुलूप असल्यामुळे तिला दुसरी वाट नव्हती. ब्रेकचं पेडल ज्या लोखंडी पट्टीवर बसवलं होतं ती पट्टी त्या दणक्याने बाजूच्या पत्र्यावर आदळत होती. फिटरने पत्रा उचकटला तेव्हा मागे काडेपेटीएवढा एक काळा डबा निघाला. पंपाला वीज देणारा रिले. तो बसतो ती बैठक सैल होती. पट्टी आदळली की रिले सुटे, कोणी दार आपटलं की परत बसे. आणि दार आपटणारा माणूस नेमका फिटर होता.

"म्हणजे इतके दिवस मी गाडी बिघडवत होतो," मास्तर म्हणाले.

"आणि मी नुसता दार लावून दुरुस्त करत होतो," फिटर म्हणाला. त्याला वाईट वाटलं. नुसतं दार लावून दुरुस्त करणं हीसुद्धा कलाच असते, हे कळायला त्याचं वय झालं नव्हतं.

सासूबाई अजून समोरच बघत होत्या. "इतका त्रास होतो होय माझा," त्या म्हणाल्या.

"नाही हो आई, तसं नाही..."

"पाय आवरा! आत्ता बसवलाय डबा!" फिटर किंचाळला.

बैठक नवी मिळेपर्यंत फिटरने रिले तारेने आणि चिकटपट्टीने बांधला. आणखी एक लाथ बसली तर मी जबाबदार नाही, असं त्याने दोघांकडेही न बघता सांगितलं. मास्तर म्हणाले, आई, आता खरंच वेळ नाही, मी चालवतो. सासूबाई म्हणाल्या, भिंतीवर काय लिहिलंय? मास्तर म्हणाले, मग मी मागे बसतो. सासूबाई म्हणाल्या, मग ब्रेक कोण मारणार, समोरचा ट्रक?

"मग करायचं काय?"

"ओरडा," सासूबाई म्हणाल्या आणि गाडी काढली.

पहिल्या वळणापर्यंत मास्तरांना जमेना. "आई, क्लच... माझ्या मते आपण जरा चुकताय, असं मला आदरपूर्वक..."

"काटा हलतोय!" मागून फिटर.

"आई, दुसरा गिअर! दुसरा! अहो, दुसरा म्हणजे पहिल्याच्या नंतरचा!"

"असं," सासूबाई म्हणाल्या.

"आरशात बघा! आरसा केस बघायला नसतो! आणि त्या सायकलवाल्याला हात करू नका, तो काय तुमच्या माहेरचा आहे?" मास्तरांचा आवाज मोकळा होत गेला. एकदा सुरू झाल्यावर त्यांना रस्ता आणि घर यांतला फरक कळेना. "हळू! हळू घ्या! आणि भाजीत मीठ का नसतं? काय गुन्हा केलाय मी? चाळीशी उलटलेला माणूस आहे, स्वतःच्या घरात बनियनवर बसता येत नाही मला! खड्डा! खड्डा आहे समोर!"

"दिसला!" सासूबाईही आता ओरडत होत्या. "आणि टपरीवर भजी कोण खातं रोज? मी काय आंधळी आहे? रुमालाला तेलाचा वास येतो तुमच्या! मला काय हौस आहे लेकीच्या घरी वॉर्डात पडल्यासारखं राहायची? कपाटात एक कप्पा आहे माझा, एक!"

"मग जा ना आपल्या घरी!"

"जातेच आहे! तुमचा पाय जाऊ देईल तर!"

काटा स्थिर होता. फिटर मागच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून आईबापांच्या भांडणात सापडल्यासारखा बसला होता. अशा प्रकारे गाडी मैदानाच्या फाटकातून आत शिरली आणि तिच्याआधी तिचा आवाज शिरला. रांगेतली सगळी माणसं बाजूला झाली, त्यामुळे नंबर लगेच लागला.

परीक्षा घेणारे साहेब मास्तरांच्या जागी बसले. त्यांनी काचेवरच्या काट्याकडे बोट करून विचारलं, "हे काय?" सासूबाई म्हणाल्या, "बोलू नका, मोजणं चाललंय." साहेबांनी आयुष्यात कधी ना कधी इस्पितळात काढलेले दिवस आठवले असावेत, कारण ते गप्प बसले. सासूबाईंनी आठाचा आकडा काढला, चढावर थांबून पुन्हा गाडी काढली, आणि साहेबांनी ब्रेकला पायही न लावता कागदावर सही केली. त्यांना बहुतेक लवकर उतरायचं होतं.

मास्तर कुंपणाशी उभे होते. त्यांचा घसा पार बसला होता. साहेब उतरल्यावर सासूबाईंनी लांबून कागद हलवून दाखवला. मास्तरांनी हात उंचावला. फिटरनेही उंचावला. गाडी निघाली, त्यांच्याकडे यायला वळेल असं वाटलं, पण वळली नाही. मागच्या फाटकातून बाहेर पडली आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.

"माझं गेज," फिटर म्हणाला.

मास्तरांनी नुसतंच टेकडीकडे बोट दाखवलं, कारण आवाज नव्हता. दुपारचे विद्यार्थी स्कूलसमोर येऊन उभे राहणार होते आणि स्कूल टेकडीकडे निघून गेलं होतं.

दोघं बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथून पुढे चालत. ऊन होतं, चढ होता, आणि फिटर वाटभर सांगत होता की नळीला आच लागता कामा नये. टेकडीमागे वळल्यावर घर दिसलं. बंद खिडक्या, अंगणात वाळलेली पानं, आणि घर व कुंपणाची भिंत यांच्या मधल्या बोळात पार आतपर्यंत घातलेली गाडी. बोळ इतका अरुंद होता की दोन्ही बाजूंना दार बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. आत, स्टिअरिंगमागे सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली होती आणि हात बाहेर काढून त्या आपल्या घराच्या भिंतीचा सुटलेला पोपडा नखाने काढत होत्या.

"आई," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाहेर कशा येणार?"

"ते मी बघते. आधी पोचणं महत्त्वाचं होतं."

"गाडी मागे घ्या."

"मागे घ्यायचं तुम्ही शिकवलंच नाही."

हे खरं होतं. धडा तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. आणि साहेबही मागे घ्यायला सांगायचं विसरले होते. मास्तरांनी चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि ते गाडीच्या मागे, अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. फिटर पुढून बोळात शिरून आपलं गेज वाचवायच्या खटपटीला लागला.

"क्लच दाबा," मास्तर म्हणाले. "पूर्ण. पूर्ण म्हणजे पूर्ण, आई! अहो, अर्धा कशाला ठेवलाय, पाहुण्यांसाठी?"

आरशात सासूबाईंचे डोळे दिसले.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. "हे माझं घर आहे."